हेमंतचा पाचवा फाऊल

"मुकी नाही रे ती, इंग्लिश मिडियमची आहे."

हे माझ्याबद्दल चाललं होतं. बोलणारा माझ्यापासून चार हातांवर सिमेंटच्या कट्ट्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. त्याचं नाव भूषण. ज्याला तो हे सांगत होता तो हेमंत, आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन. त्याने मान डोलावून म्हटलं, "मग ठीक आहे. मला वाटलं, काही आजारपण आहे." दोघांनाही माझ्याबद्दल मनापासून काळजी वाटत होती हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मला मराठी कळत असेल अशी शंका मात्र दोघांपैकी एकालाही आली नाही. मी मांडीवरच्या कागदावर डोकं खाली घालून रेघा मारत राहिले. मला येतं, सगळं येतं, माझी आई रोज मराठीतच रागावते, असं सांगायला हवं होतं. पण तेवढी तीन वाक्यं मनात जुळवेपर्यंत ते दोघं पळत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते. तेव्हा माझं असंच व्हायचं. उत्तर तयार व्हायचं आणि पाहावं तर प्रश्न विचारणारा घरी जाऊन जेवत असायचा.

मी त्या मैदानावर आले ती खेळ टाळण्यासाठी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शारीरिक शिक्षणाचा तास सक्तीचा होता आणि त्यातून सूट मिळवण्यासाठी एक अर्ज भरून निकम सरांची सही घ्यायची होती. अर्ज इंग्रजीत होता. मी तो काळ्या शाईने, शाळेतल्या सिस्टरांनी छडी घेऊन शिकवलेल्या अक्षरात भरला आणि सरांच्या टेबलावर ठेवून उभी राहिले. सरांनी आजाराचा रकाना वाचलाच नाही. ते नुसतं अक्षर बघत होते. "कुणी लिहिलं?" मी स्वतःकडे बोट दाखवलं. सरांनी कपाटातून लांबलचक छापील कागद काढला, त्यावर शंभर-दीडशे बारीक चौकोन होते, आणि म्हणाले, "हे स्कोअरशीट. मागच्या वर्षी हे भूषण भरायचा. धुळ्याच्या पंचांनी मला विचारलं, सर, यावर कोंबडी चालली का? उद्यापासून पाच वाजता ग्राउंडवर ये." माझा अर्ज त्यांनी घडी करून खिशात घातला. तो मला परत कधीच दिसला नाही.

आमच्या टीमबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ती मुळात कबड्डीची टीम होती. कॉलेजात कबड्डीला पोरं भरपूर आणि बास्केटबॉलला कुणीच नाही, म्हणून सरांनी कबड्डीतले उंच आठ जण वेगळे काढले आणि त्यांच्या हातात चेंडू दिला. पोरं जोरकस होती, दमाची होती, नेमसुद्धा बरा होता. अडचण एवढीच की समोरून माणूस धावत आला की त्यांचे हात आपोआप त्याच्या कमरेला नाहीतर पायाला जायचे. हेमंतचं तर फारच. तो चोपड्याकडचा, केळीच्या बागाइतदाराचा मुलगा, खांदे एवढे रुंद की बसमध्ये त्याच्या शेजारी कुणी बसायला तयार नसायचं. दुसऱ्या टीमचा खेळाडू चेंडू घेऊन त्याच्या बाजूने निघाला की हेमंतच्या चेहऱ्यावर एक प्रेमळ भाव यायचा आणि पुढच्या क्षणी तो खेळाडू त्याच्या मिठीत असायचा. मग शिट्टी वाजायची. हेमंत दरवेळी पंचाकडे खऱ्या आश्चर्याने बघायचा. बास्केटबॉलमध्ये एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की तो त्या सामन्यातून बाद होतो, परत येऊ शकत नाही. फाऊल मोजायचं काम टेबलावर बसलेल्या माणसाचं, म्हणजे माझं. माझ्या कागदावर हेमंतच्या सात नंबरापुढचे पाच चौकोन नेहमी सगळ्यांत आधी भरायला लागायचे.

ते काम मला आवडायला लागलं, आणि त्याचं कारण लाजिरवाणं आहे. त्यात बोलावं लागत नसे. पंच मैदानातून बोटांनी नंबर दाखवायचा, मी चौकोनात खूण करायची, आणि त्या खेळाडूचा कितवा फाऊल झाला ते सांगण्यासाठी लाकडी पाटी वर धरायची. एक ते पाच आकडे रंगवलेल्या पाच पाट्या होत्या, टेबल टेनिसच्या बॅटसारख्या. मला वाटायचं, सगळ्या जगाचा कारभार अशा पाट्यांवर चालावा. दुकानात, बँकेत, लग्नात नातेवाइकांसमोर. टीमच्या मोबाइलच्या ग्रुपवरही मला घेतलं होतं. तिथे मी फक्त अंगठा पाठवायचे. भूषण सकाळी सहाला 'उठले का सगळे' असं लिहायचा आणि माझा अंगठा पहिला पोचायचा. मी आता तिशी ओलांडली आहे, एका प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांबरोबर काम करते, आणि नमुने मला काही विचारत नाहीत. तरी त्या पाट्यांची सर कशालाच नाही.

आणखी एक लाजेची गोष्ट. अर्धा मोसम संपेपर्यंत मी त्या आठ जणांचे चेहरे नीट पाहिले नव्हते. मान खाली असायची. मी त्यांना बुटांवरून ओळखायचे. भूषणचे बूट पांढरे, दोन्ही टाचांना तिरके झिजलेले, कारण तो चालताना पाय फाकवायचा. हेमंतच्या डाव्या बुटाचं टोक फाटलं होतं आणि त्यावर चांभाराने सायकलच्या ट्यूबचं काळं ठिगळ लावलं होतं. कुणी बदली खेळायला टेबलाशी आला की आधी मला बूट दिसायचे, मग शर्टावरचा नंबर, आणि तेवढ्यावर काम भागायचं.

घरी मात्र मोठा प्रश्न उभा राहिला. सामने बाहेरगावी असायचे आणि टीम पोरांची. पप्पा पाटबंधारे खात्यात होते. कुठल्याही गोष्टीला आधी ते अट घालायचे आणि मग तिचा विचार करायचे. ते म्हणाले, "अक्का बरोबर जाईल." अक्का म्हणजे पप्पांची मोठी बहीण, माझी आत्या. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात एकटी राहण्यापेक्षा आमच्याकडे जळगावला राहायला आलेली. अक्काचा आवाज हा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा ऐवज होता. रविवारी विहारात वंदना म्हणताना सगळे एका सुरात लागायचे आणि त्यावर अक्काचा सूर वेगळा, वर, पत्र्याला लागून यायचा. सकाळी ती ठेचा कुटायला बसली की समोरच्या घरातल्यांना घड्याळ बघावं लागत नसे. ती अहिराणीच बोलायची, सगळ्यांशी, गॅसवाल्याशी, डॉक्टरांशी, टीव्हीशी. माझ्याशी मात्र तिने अहिराणी बोलू नये असा पप्पांचा नियम होता, माझं इंग्रजी बिघडेल म्हणून. अक्काने तो नियम एक दिवसही पाळला नाही. पाळला तो मी. ती अहिराणीत विचारायची, मी मराठीत "हो" नाहीतर "नाही" म्हणायचे, आणि आमचं दोघींचं उत्तम चालायचं.

अक्का पहिल्या सामन्याला आली ती कपाळाला आठ्या घालून. पोरांवर नजर ठेवायला. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत ती खुर्चीवर उभी होती. खेळाचे नियम तिला कुणी सांगितले नाहीत आणि तिने विचारले नाहीत. तिला कबड्डी माहीत होती, समोर ओळखीची हालचाल करणारी पोरं दिसत होती, तेवढं तिला पुरेसं होतं. दुसऱ्या टीमचा खेळाडू चेंडू घेऊन निघाला की अक्का ओरडायची, "धर त्याले! धर!" आणि हेमंत धरायचा. मी चौकोनात खूण करायची. असं मोसमभर चाललं. माझ्या अंदाजाने हेमंतचे निम्मे फाऊल अक्काच्या नावावर लिहायला हवे होते, पण स्कोअरशीटवर प्रेक्षकांसाठी रकाना नसतो.

थंडी पडली तशी अक्काने टीमला भरीत खायला बोलावलं. मला विचारलं नाही. मला कळलं ते आई मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्या रचायला लागली तेव्हा. वांगी हिरवी, दोन्ही हातांत मावणार नाहीत एवढी, त्या काड्यांच्या जाळात टाकायची, वरची साल काळी होऊन फुटली की काढायची, सोलायची, आणि लाकडी काठवटीत मिरची-लसणाबरोबर ठेचायची. जाळाचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी, कांद्याची पात. आठ उंच पोरं आमच्या हॉलमध्ये शिरली तेव्हा हॉल संपला. हेमंतचं डोकं दाराच्या चौकटीला लागलं, त्याने चौकटीलाच "सॉरी" म्हटलं. पप्पा पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि उलटा पेपर वाचत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून ताटं पुढे सरकवायचे आणि मागे व्हायचे. बाहेर पायरीवर सोळा बूट पडले होते ते मी जोडीने लावून ठेवले, कारण तेवढं न बोलता करता येण्यासारखं होतं.

हेमंतने चौथी भाकरी संपवली तेव्हा अक्काने त्याला आमच्या घरातला माणूस करून टाकलं. "आजून एक ले रे भाऊ. धरापकडना खेळ शे, ताकद लागस." भूषणला धीर आला. त्याने दाराकडे बघत विचारलं, "अक्का, हाई पोर घरमा तरी बोलस का?"

"बोलस ना," अक्का म्हणाली. "पन तिले टाइम कोठे शे? घरमा बठ्ठं मीच बोलस."

सगळे हसले. मीही हसले, दाराआड. भूषणने ते पाहिलं असावं, कारण जाताना तो पायरीवर थांबला, रांगेत लावलेले बूट बघितले आणि मला म्हणाला, "थँक यू, मॅडम." इंग्रजीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. मी मान हलवली. त्या दिवसापासून बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली जायला लागली, आणि हेमंतच्या घरून येणाऱ्या केळ्यांच्या फणीतलं पहिलं केळं माझ्याकडे यायला लागलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी जागा मिळाली होती, आणि ती मी एक शब्द न बोलता मिळवली होती.

शर्टांची गोष्ट सुरू झाली ती चोपड्याच्या सामन्यात. आमच्याकडे शर्ट आठच, चार ते अकरा नंबरांचे, आणि सरांनी ते सगळे एकाच मापाचे घेतले होते, कुणालाही कुठलाही यावा म्हणून. चोपड्याला हाफटाइमपर्यंत आम्ही बरेच मागे होतो. घामाने चिकटलेले शर्ट काढून पोरांनी कट्ट्यावर टाकले, आणि पुन्हा घालताना हेमंतने चुकून भूषणचा अकरा उचलला, भूषणने उरलेला सात घातला. दुसऱ्या अर्ध्या खेळात हेमंत जे काही फेकेल ते जाळीत पडत गेलं. आम्ही जिंकलो. त्यानंतर तो नियमच झाला. मागे असलो की हाफटाइमला हेमंत आणि भूषण शर्ट बदलणार. "शर्ट फिरवला की डाव फिरतो," असं भूषण म्हणायचा. निकम सर त्या वेळी नेमके पाण्याच्या टाकीकडे बघत असायचे.

मला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिसरा क्वार्टर सुरू झाला तेव्हा अकरा नंबरच्या शर्टाखाली ठिगळाचा बूट धावत होता. नियमाप्रमाणे ते चूक होतं, मी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं होतं, इंग्रजीत असल्यामुळे टीममध्ये ते वाचलेली मी एकटीच. पण मी स्वतःची समजूत घातली. गुण सातच्या नावावर जावोत की अकराच्या, टीमची बेरीज तीच राहते. कुणाचं नुकसान नाही. आणि गप्प बसणं हा माझा स्वभावच आहे असं सगळ्यांनी धरलं असल्यामुळे मला कुणी काही विचारलंही नाही. गप्प माणसाचा हा एक फायदा असतो. तो कधी कशाला तयार झाला, हे त्यालाही कळत नाही.

शेवटचा सामना धुळ्याला, धुळ्याच्याच कॉलेजशी होता. त्यांच्याकडून आम्ही दरवर्षी हरत होतो, इतके नेमाने की निकम सर त्या दिवशी घरी जेवायला किती वाजता येतील ते बायकोला आधीच सांगून निघायचे. या वेळी जिंकलो असतो तर पुढच्या फेरीला, विद्यापीठाच्या सामन्यांना गेलो असतो. हेमंतचं हे शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की तो बागेत जाणार हे त्याच्या वडिलांनी ठरवलं होतं, आणि त्यालाही ते मान्य होतं. फक्त बसमध्ये एकदा तो म्हणाला होता, "एक डाव धुळ्याला हरवलं ना, मग आयुष्यभर केळी मोजायला तयार आहे मी." म्हणजे हरलो असतो तर तो सामना त्याचा शेवटचाच होता. हे सगळ्यांना माहीत होतं. अक्काने त्या दिवशी नवं लुगडं नेसलं होतं.

आमच्या भागात एक चांगली पद्धत होती. यजमान कॉलेजने घड्याळ सांभाळायचं आणि पाहुण्यांनी स्कोअरशीट, म्हणजे लबाडी केल्याचा आरोप कुणी कुणावर करू नये. धुळ्याचं घड्याळ नानांकडे होतं. नाना त्या कॉलेजातले जुने ग्रंथपाल, गळ्यात स्टॉपवॉच, खिशात भाजलेले शेंगदाणे. मी बसल्याबरोबर त्यांनी माझ्यापुढे मूठभर शेंगदाणे ठेवले आणि म्हणाले, "बेटा, घड्याळ मी देखस, कागद तू देख. आपले भांडण नको." मग त्यांनी माझं स्कोअरशीट चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "असं अक्षर मी फक्त लग्नाच्या पत्रिकेवर पाहिलंय. यावर जे लिहिलं असेल ते खरंच असणार, बुवा." त्यांनी हे सहज म्हटलं. मी उरलेले शेंगदाणे हळूच त्यांच्याकडे परत सरकवले.

दोन्ही पंच बाहेरचे होते, त्यांना आमची पोरं ओळखू येण्याचं कारण नव्हतं. पहिल्या अर्ध्यात धुळ्याची पोरं वाऱ्यासारखी पळत होती आणि अक्का पहिल्या रांगेतून "धर त्याले" म्हणत होती. हेमंतने चार जणांना धरलं. माझ्या कागदावर सातच्या पुढे चार खुणा झाल्या, चारची पाटी वर गेली, निकम सरांनी डोकं धरलं. त्यांनी हेमंतला बाहेर बसवलं, पण हेमंत बाहेर असला की आमची टीम म्हणजे सात सज्जन पोरं. हाफटाइमला आम्ही अकरा गुणांनी मागे होतो. पोरं कट्ट्यावर घोळक्याने बसली. मी पेन पुसत होते. वर बघायची मला गरज नव्हती.

खेळ पुन्हा सुरू झाला आणि ठिगळाचा बूट अकरा नंबरखाली आत आला. सातचा शर्ट घालून भूषण तिरके पाय टाकत मागे. मी अजून स्वतःला विचारते, हेमंतने तो शर्ट नशिबासाठी बदलला की फाऊलसाठी. मी नंतर त्याला विचारलं. त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं की नशिबासाठी. तो खरं बोलतो असं मला वाटतं. सात आणि अकरा कागदावर वेगळे आहेत हे त्याच्या डोक्यातही आलं नसेल, कारण कागद हा त्याला नेहमीच दुसऱ्या कुणाचा तरी प्रांत वाटायचा. पण मला ते त्याच क्षणी कळलं. बेरीज तीच राहते हे गुणांचं खरं, फाऊलचं नाही. फाऊल ज्याचा त्याचा असतो. हेमंतचे चार झालेत आणि अकराच्या पुढे एकच खूण आहे. तेव्हाच उभं राहून सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर मनातल्या मनात हात जोडले आणि म्हटलं, हेमंतभाऊ, आता कुणाला धरू नकोस, म्हणजे मला काही करावं लागणार नाही.

आणि खरंच त्याने धरलं नाही. संपूर्ण तिसरा क्वार्टर तो हात पाठीशी बांधल्यासारखा खेळला. उंच उडाला, दुरून फेकले, दोनदा तर धुळ्याच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. अकरा गुणांचे सहा झाले, सहाचे दोन. शेवटचा क्वार्टर. दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. नाना शेंगदाणे खायचे थांबले होते. निकम सर बाकावर उकिडवे बसून काहीतरी पुटपुटत होते. आणि तेवढ्यात धुळ्याचा एक बुटका, चपळ पोरगा चेंडू घेऊन सुटला, समोर फक्त हेमंत, आणि पहिल्या रांगेतून तो आवाज आला.

"धर त्याले!"

हेमंतने त्याला कमरेला धरून अलगद उचललं आणि बाजूला ठेवलं. इतक्या काळजीने की त्या पोराने त्याला थँक यू म्हटलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. शिट्टी वाजली. पंच टेबलाकडे आला, दोन्ही हातांचं एकेक बोट वर करून अकरा दाखवलं, मग फाऊलची खूण केली. मी पेन अकराच्या पुढे नेलं. तिथे दुसरी खूण करायची, दोनची पाटी वर धरायची, की खेळ पुढे सुरू. पंचांना माहीत नाही, नानांना माहीत नाही, धुळेकरांना माहीत नाही. खाली सही मात्र माझी असणार होती, त्या लग्नपत्रिकेच्या अक्षरात. नानांनी मदत म्हणून दोनची पाटी माझ्या हाताशी सरकवली. मी पाट्यांकडे बघत बसले. दोनची धरली तर खोटं. पाचची धरली तर पंच म्हणणार, अकराचे पाच कुठे झालेत, नीट बघ, पोरी. पाचही पाट्या समोर होत्या आणि मला जे सांगायचं होतं ते एकीवरही रंगवलेलं नव्हतं.

तो सामना आम्ही तीन गुणांनी हरलो, हे आत्ताच सांगून टाकते, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. पंच म्हणाले की शर्ट बदलल्याबद्दल खरं तर आणखी शिक्षा होते. पण निकम सरांचा चेहरा बघून त्यांनी ते तेवढ्यावर ठेवलं. परतीच्या एसटीत कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. खिडकीची जागा रिकामी ठेवलेली होती, ती तशीच सोडून मी अक्काशेजारी बसले, आणि अक्काही गप्प, ही मात्र घरच्यांना सांगूनही पटलं नसतं अशी गोष्ट. पारोळ्याला गाडी चहासाठी थांबली. तिथे अक्काने पदर सावरला आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, "काई म्हना, हाई पोरना आवाज मनावर गया." मनावर म्हणजे तिच्यावर, अक्कावर. कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. मग हेमंत उठून आला. मधल्या वाटेत दांड्याला धरून उभा राहिला. "एवढा आवाज होता," तो म्हणाला, "तर मोसमभर कुठे ठेवला होता? मला पहिल्याच मॅचला ओरडली असतीस, तर धरायची सवय तरी सुटली असती." त्याचे डोळे लाल होते. त्याने विषय तिथेच सोडला आणि जाऊन भूषणच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. त्याचं मला माफ करून झालं की नाही, ते मला जळगाव येईपर्यंत कळलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्रुपवर पहिला अंगठा त्याचा आला.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी पंच कमरेवर हात ठेवून उभा होता. "टेबल, किती?" त्याने विचारलं. नानांनी माझ्या कोपराला हळूच बोट लावलं. मी उभी राहिले, खुर्ची मागे पडली, आणि तिच्या आवाजाने सगळे लोक माझ्याकडे बघायला लागले. ठिगळाचा बूट मैदानाच्या मधोमध थांबला होता. पहिल्यांदाच मी नजर बुटावरून वर नेली, गुडघे, नंबर, खांदे, आणि मग चेहरा. घामाने भिजलेला, हसरा, शंभर टक्के निर्धास्त. शाळेने शिकवलेली वाक्यं आधी आली, एक्सक्यूज मी सर, मे आय, आणि दातांपाशी अडकली. मग मराठी आली, शुद्ध, पप्पांना आवडेल अशी, आणि तीही अडकली. त्यांच्याही मागे, पार तळाशी, वर्षानुवर्षं नुसती ऐकून साठलेली एक भाषा होती. तिला परवानगी कुणाची नव्हती, त्यामुळे तिला अडवायलाही कुणी नव्हतं. ती सरळ बाहेर आली, विहाराच्या पत्र्याला लागणाऱ्या सुरात, सगळ्या मैदानावरून.

"हेमंतभाऊ, तुना पाच व्हयनात. तो शर्ट भूषणले दे नि बाहेर बस."